'प्रहार' आणि सोबत

आमच्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. छावणी मात्र छावणीच राहिली. निजामाच्या राजवटीपासून फौजेचा वावर असलेला हा भाग आम्हांस एका गोष्टीची सतत आठवण करून देतो. फौजेत गेलेला माणूस कधीतरी परत येतो. मराठवाड्याच्या खेड्यांतून भरती झालेले आणि आता पेन्शनीत निघालेले जवान आपल्या धर्मग्रामांतही आहेत. १५ ऑगस्टला आणि २६ जुलैच्या कारगिल विजय दिनी आपण त्यांना व्यासपीठावर बसवतो, शाल व श्रीफळ देतो, शौर्याविषयी चार शब्द बोलतो आणि घरी पाठवतो. त्यांच्या रात्री कशा जातात, हे विचारण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. हा प्रघात निदान आपल्या कलाकृतींनी तरी पाडला आहे काय, हा प्रश्न मनात ठेवून आम्ही मराठी सैनिकांवरचे दोन हिंदी चित्रपट पुन्हा पाहिले. पहिला नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'प्रहार' (१९९१), दुसरा कबीर खान यांचा 'चंदू चॅम्पियन' (२०२४).

'प्रहार'विषयी ख्रिस्ती वाचकाला विशेष आपुलकी वाटावी, असे त्यात काही आहे. त्या काळच्या हिंदी चित्रपटात ख्रिस्ती पात्र म्हणजे बहुधा हातात बाटली घेतलेला विनोदी म्हातारा किंवा खलनायकाच्या अड्ड्यावरची नर्तिका. नानांनी मात्र पीटर डिसोझा हा मुंबईच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा कमांडो म्हणून उभा केला. हबीब तन्वीर यांनी साकारलेला त्याचा बाप आपल्या कोणत्याही धर्मग्रामात भेटावा इतका खरा आहे. माधुरी दीक्षित यांची शर्ली रंगरंगोटीविना पडद्यावर येते. प्रशिक्षणाच्या दृश्यांतील कष्ट दिखाऊ वाटत नाहीत, कारण त्या भूमिकेसाठी नानांनी स्वतः लष्करी प्रशिक्षण घेतले होते.

कथा वाचकांना ठाऊक असेल. मेजर चव्हाण यांच्या कठोर तालमीत तयार झालेला पीटर ओलीस मुलांच्या सुटकेच्या कारवाईत जायबंदी होतो व लष्करातून बाहेर पडतो. पुढे तो आपल्या लग्नाला मेजरना बोलावतो. मेजर येतात तेव्हा पीटर जिवंत नसतो. हप्ता देण्यास नकार दिल्याबद्दल गुंडांनी त्याला मारलेले असते आणि आसपासचे सारे गप्प असतात. मग उरतो तो प्रहार.

या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या रागात आहे, हे आम्ही मान्य करतो. भेदरलेल्या समाजावर त्याने ओढलेला आसूड आजही लागतो. परंतु मैत्रीची कथा म्हणून पाहू गेल्यास त्यातील सर्वांत मोठी घटना अशी, की मित्र उशिरा येतो. जखम झाली तो दिवस आणि लग्नाचे आमंत्रण धाडले तो दिवस, यांच्यामध्ये पीटर कसा जगला? ज्या शरीराचा अभिमान बाळगायला त्याला शिकवले, तेच अधू झाल्यावर त्याने कोणाजवळ तोंड उघडले? चित्रपट त्या काळाकडे ओझरते पाहून पुढे निघतो. खुद्द मेजरच्या अंगातूनही युद्ध गेलेले नाही. शहरात तो परक्यासारखा वावरतो. तरीही त्याच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न निघतो तो अगदी शेवटी, आणि तोही प्रेक्षकाला एका वीराचा अपमान वाटावा अशा रीतीने. मनाची जखम म्हणजे बदनामी, ही आपल्या समाजाची समजूत हा बंडखोर चित्रपटही ओलांडू शकला नाही. मित्रासाठी मरावे, मारावे, हे त्याला कळते. मित्राजवळ बसावे, हे कळत नाही.

येथे आम्हांस लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसची वाट आठवते. यरुशलेममध्ये डोळ्यांदेखत घडलेल्या भीषण प्रसंगाने खचलेले दोघे जण चालत आहेत आणि पुन्हा पुन्हा तेच बोलत आहेत. तिसरा येऊन सोबत चालू लागतो. त्याला सर्व ठाऊक आहे. तरी तो आधी विचारतो, आणि त्यांना सांगू देतो. उपदेश नंतर येतो, भाकर मोडणे त्याहूनही नंतर. पीटरचे घर तर पावाचेच घर होते! त्या भट्टीच्या उबेला दोन सैनिक एक संध्याकाळ बोलत बसले असते, तर कदाचित पडद्यावर थरार कमी झाला असता. पण परतलेल्या सैनिकाची एक खरी कथा आपल्याला मिळाली असती.

ही अपेक्षा केवळ भाविकाची नव्हे. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक नेमाने एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, तेही त्यांच्या बरोबरीने. १९७९ साली अमेरिकेच्या सरकारने माजी सैनिकांसाठी वस्त्यावस्त्यांतून सल्लाकेंद्रे सुरू केली. तेथील अनेक सल्लागार स्वतः युद्ध पाहिलेले होते. वैद्यकशास्त्राने या आजाराला आघातोत्तर तणाव विकार हे अधिकृत नाव दिले ते १९८० साली. म्हणजे नाव मिळण्यापूर्वी सोबत मिळाली होती.

'चंदू चॅम्पियन' या दृष्टीने एक पाऊल पुढे आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. चित्रपटात इस्पितळातील सेवक टोपाझ आणि प्रशिक्षक टायगर अली हे खाटेशेजारी येतात, चेष्टा करतात, रागावतात, पुन्हा येतात. शिवाय सारी कथा एक वृद्ध सैनिक पोलीस ठाण्यात सांगतो आहे. आरंभी हसणारी माणसे हळूहळू ऐकणारी होतात. ऐकणे हीच या चित्रपटाची चौकट आहे, हे त्याचे मोठे यश.

तथापि पदकाची घाई त्यालाही आहे. १९७२ पासून २०१८ च्या पद्मश्रीपर्यंत सेहेचाळीस वर्षे जातात. ती चित्रपटाला क्षणात ओलांडावीशी वाटतात. ज्यांना पदक मिळाले नाही, त्यांचे तर सारे आयुष्य त्या ओलांडलेल्या वर्षांचेच असते. पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांना हुन्नर शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. एकाच प्रकारची जखम सोसणारी माणसे तेथे एका छपराखाली राहतात. नव्याने खुर्चीवर आलेल्याला जुन्या खुर्चीवाल्याचा जो आधार वाटत असेल, तो कोणत्या व्यासपीठावरून देता येईल?

या छपराखालची कादंबरी आमच्या वाचनात नाही. मराठी लेखणीने हुतात्म्याला ओव्या वाहिल्या, वीरमातेला वंदन केले. परतलेल्याला मात्र दारातच उभे ठेवले. ते काम आपल्या नियतकालिकांतील नव्या लेखकांनी हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी रणभूमीवर जाण्याची गरज नाही. रविवारची मिस्सा संपल्यावर शेवटच्या बाकावर दोन म्हातारे जवान मागे रेंगाळतात. बाहेर लग्नाचे फटाके वाजले, की एकाचा हात दुसऱ्याच्या मनगटावर जातो, आणि दोघेही काही बोलत नाहीत. कथा तेथे आहे. लेखकाने, आणि आपणही, आधी त्या बाकावर जाऊन बसायला हवे.