‘वायुपुत्रांची शपथ’ : न्याय की सूड?

मागच्या खेपेला एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, “सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, अमीश वाचता का?” वाचतो. शिवकथेचे तिन्ही भाग वाचलेत. आज शेवटच्या भागाबद्दल बोलू. तो २०१३ साली इंग्रजीत आला, मराठीत त्याचं नाव ‘वायुपुत्रांची शपथ’.

इथला शिव देव नाही. तिबेटातून आलेला टोळीप्रमुख आहे. मेलुहाचे लोक त्याला नीळकंठ मानतात आणि जगातलं ‘दुष्ट’ शोधून संपवायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. आधी तो चंद्रवंशींत शोधतो, मग नागांत. तिसऱ्या भागात उलगडतं की दुष्ट म्हणजे कोणी माणूस नाहीच. तो आहे सोमरस. आयुष्य वाढवणारं औषध! पण ते करायला सरस्वतीचं पाणी आटतं, त्याची विषारी घाण नदीत जाते आणि खाली ब्रंगात रोगराई पसरते. एकेकाळी जे चांगलं होतं, तेच अति झाल्यावर वाईट झालं.

हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. १९७६ साली जायकवाडी झालं. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पक्की घरं झाली, पोरं शिकली. त्या उसाला वाईट कोण म्हणेल? आणि बोअर किती खोल गेले, तेही आपल्याला ठाऊक आहे. या सभेत उठून ‘ऊस थांबवा’ कोण म्हणणार? मी नाही म्हणणार, माझाही दोन एकर उभा आहे. सोमरस पिणारे दुष्ट नव्हते, हाच नीळकंठापुढचा खरा पेच.

माझी तक्रार ही, की लेखक हा पेच शेवटपर्यंत पेलत नाही. तहाच्या बोलणीच्या आड दक्ष कट रचतो आणि त्यात सती मारली जाते. पुराणातल्यासारखी ती यज्ञात देह टाकत नाही, तलवार घेऊन लढत मरते. हा बदल मला फार आवडला. पण त्यानंतर शिव देवगिरीवर पाशुपतास्त्र सोडतो. (ही देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद नव्हे, मेलुहाची राजधानी.)

आता सांगा, नगर जाळलं ते सोमरस संपवायला, की बायको मारली म्हणून? कांट म्हणतो, कर्तव्याला धरून असलेली कृती वेगळी आणि कर्तव्य म्हणून केलेली वेगळी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. निरपराधांना आधी बाहेर जाऊ दिलं, असं कोणी म्हणेल. दिलं, बरोबर आहे. पण अपराधी कोण हे ठरवणारा न्यायाधीश आणि फिर्यादी एकच माणूस होता ना!

महाभारताने युद्धानंतर स्त्रीपर्व ठेवलं. गांधारी रणभूमीवर येते, थेट कृष्णाला शाप देते, आणि कृष्ण तो स्वीकारतो. नीळकंठाला असं विचारणारं इथे कोणी नाही. एक बाई होती. सतीची आई, वीरिणी. मुलगी गेलेली, नवरा अपराधी, जावई अस्त्र घेऊन दारात उभा. ती सुटका नाकारून नगरातच राहते. तिला एक अख्खं प्रकरण द्यायला हवं होतं. लेखकाला मात्र स्फोटाची घाई झालेली दिसते.