सत्तावीस तासांचा हिशेब

17 ऑगस्ट 2023 रोजी नागपूर विमानतळाच्या बोर्डिंग गेटवर इंडिगोचे एक कॅप्टन कोसळले. वय चाळीस. ते नागपूर-पुणे विमान घेऊन निघणार होते. रुग्णालयात नेले, पण ते वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक आकडा सगळीकडे होता: त्यांना आधी 27 तासांची विश्रांती मिळालेली होती. नियमाला लागते त्याहून दुपटीपेक्षा जास्त. आदल्या पहाटे तीन ते सातच्या दरम्यान त्यांनी तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर अशी दोन उड्डाणे केली होती, हेही त्याच बातम्यांत होते, पण खालच्या परिच्छेदात.

त्या मृत्यूचे कारण थकवा होते, असे मी म्हणत नाही. हृदय अनेक कारणांनी बंद पडते आणि एका घटनेवरून सिद्धान्त मांडणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. मला खटकला तो 27 हा आकडा आणि तो सांगताना आवाजात आलेली निश्चिंती. जणू आकडा सांगितला की प्रश्न संपला. म्हणून मी मूळ नियमच वाचायला घेतले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, हा दस्तऐवज विभाग 7, मालिका जे, भाग 3 या पत्त्यावर सापडतो. मी विमानशास्त्र शिकलेला माणूस नाही. पण कायद्याचा मसुदा हाही एक मजकूरच असतो आणि मजकूर वाचता येतो.

या मजकुरातला सर्वांत कमकुवत शब्द ‘विश्रांती’ हाच आहे. ड्युटी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा मोकळा वेळ म्हणजे विश्रांती, एवढाच त्याचा अर्थ. झोप त्यात मावते, पण ती झालीच पाहिजे असे नाही. किमान विश्रांती किती? आधीची ड्युटी जितकी लांब तितकी, किंवा 12 तास, यांपैकी जे जास्त असेल ते. तीनपेक्षा जास्त कालपट्टे ओलांडले तर 14 तास, सातपेक्षा जास्त ओलांडले तर 36 तास. म्हणजे लंडनला गेलेल्या वैमानिकाच्या शरीरातले घड्याळ बिघडते, हे नियमाला मान्य आहे. पण तिरुवनंतपुरमहून पहाटे तीनला निघून सातला नागपुरात उतरलेल्या माणसाने एकही कालपट्टा ओलांडलेला नसतो. त्याचे घड्याळ जागच्या जागी उलटे होते. सकाळी आठला हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून तो आडवा होतो तेव्हा शरीराचे तापमान चढू लागलेले असते, बाहेर वर्धा रोडवर हॉर्न सुरू झालेले असतात. साध्या ड्युटीनंतरचे हे 12 तास दिवसा पडले काय आणि रात्री पडले काय, कागदावर त्यांचे वजन सारखेच. रात्रपाळी केलेल्या कोणालाही, मग तो बुटीबोरीचा कामगार असो की मेडिकलमधली परिचारिका, हे वजन सारखे नसते हे सांगावे लागत नाही.

नागपूरला तर हे नव्याने सांगायला नकोच. 1949 च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाची पोती आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत विमाने परतीला लागत. देशाच्या मधोमध असल्याचा आपल्याला मोठा अभिमान. त्याचा एक अर्थ असाही होता, की देशाच्या विमानांचे रात्रीचे जागरण आपल्या गावात होत असे.

आता मजकुराचा इतिहास पाहू. तो मला मजकुरापेक्षाही बोलका वाटतो. 27 जुलै 2007 रोजी डीजीसीएने वैमानिकांच्या ड्युटीचे नवे, कडक नियम काढले. कंपन्यांनी तक्रार केली आणि 2008 च्या मे महिन्यात ते स्थगित होऊन 1992 चे जुने परिपत्रक पुन्हा लागू झाले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयात. तिथे 2011 मध्ये अपील फेटाळले गेले.

या दोन तारखांच्या मध्ये मंगळूर आहे. 22 मे 2010. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेले. 158 माणसे गेली, आठ वाचली. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तो अहवाल प्रत्येकाने वाचावा असा आहे. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टनचा आवाज जवळजवळ नाही. आहे ते घोरणे. उतरताना सहवैमानिकाने तीनदा सांगितले, की उतरणे सोडून पुन्हा वर जाऊ. कॅप्टनने ऐकले नाही. दीर्घ झोपेतून उठल्यानंतर डोक्यावर राहणारी जडता आणि पहाटेची, शरीर सर्वांत मंद असण्याची वेळ, या दोन्ही गोष्टी अहवालाने कारणांत नोंदवल्या. अहवालाची भाषा कोरडी आहे. ती कोरडी आहे म्हणूनच अंगावर येते.

त्या वेळेची हद्द पहाटे दोन ते सहा मानतात. आणि तरीही 2019 च्या नियमांत ‘रात्र’ मध्यरात्री सुरू होऊन पाचला संपत होती! शरीराची रात्र सहापर्यंत, कागदाची पाचपर्यंत. हा एक तास 8 जानेवारी 2024 च्या सुधारणेने परत दिला. त्याच सुधारणेने आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या ड्युटीत सहापर्यंत चालणारी लँडिंग दोनवर आणली. उत्तम सुधारणा होती, यात शंका नाही. 1 जून 2024 पासून लागू होणार होती. मार्चमध्ये पुढे ढकलली गेली. पुन्हा न्यायालय, या वेळी दिल्ली उच्च न्यायालय. मग टप्पे पडले: 1 जुलै 2025 आणि 1 नोव्हेंबर 2025.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे हजारांनी रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे ढीग पडले, लग्ने चुकली, परीक्षा चुकल्या. 5 डिसेंबरला डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या काही तरतुदींतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. पुढे कंपनीला 22 कोटी 20 लाखांचा दंडही झाला. कंपन्यांची बाजू अशी, की वैमानिक एका दिवसात तयार होत नाही. ते खरेच आहे. पण सुधारणा जाहीर झाल्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत जवळपास बावीस महिने मिळाले होते. बावीस महिने आधी माहीत असलेल्या गोष्टीला मी आणीबाणी म्हणणार नाही.

त्याच 5 डिसेंबरची आणखी एक ओळ मात्र फारशी चर्चेत आली नाही. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, अशी एक सूचना होती. ती सर्वच कंपन्यांसाठी मागे घेण्यात आली. वैमानिकाने आईच्या दवाखान्यासाठी रजा घेतली, तर ते दिवस साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजायला वाट मोकळी झाली. रात्रीच्या नियमांतली सूट एका कंपनीची होती आणि तिला शेवटची तारीख तरी होती. इथे ‘विश्रांती’ या शब्दातला उरलासुरला अर्थही सर्वांसाठीच पातळ झाला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर बदल हा आहे.

अमेरिकेतही हेच वळण दिसते. 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडले, त्यानंतर तिथे 2011 च्या शेवटी नवे नियम आले. किमान दहा तास विश्रांती, आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी. इथे निदान ‘झोप’ हा शब्द नियमात शिरला. पण मालवाहू विमाने वगळली गेली. पार्सल वाहणाऱ्या माणसाला झोप कमी लागते, अशी समजूत असावी.

दारूच्या बाबतीत आपले नियम असे डळमळत नाहीत. उड्डाणाआधी बारा तास थेंबही नाही, नळीत फुंकायचे, आकडा शून्य हवा. 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांचा प्रयोग छापून आला होता: सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोके, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंद चालतात. थकव्याला अशी नळी नाही. त्याची मोजणी वैमानिकाने स्वतः भरून द्यायच्या अर्जावर चालते, आणि अर्ज जातो त्याच कंपनीकडे जी त्याचे वेळापत्रक आखते. 2024 च्या सुधारणेने कंपन्यांना दर तिमाहीला थकव्याचा अहवाल डीजीसीएकडे देणे बंधनकारक केले आहे. त्या अहवालांत किती वैमानिकांनी ‘मी थकलो आहे’ म्हटले एवढेच नको. विश्रांतीच्या तासांपुढे ती विश्रांती घड्याळात किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली, हे दोन रकाने हवेत. 27 तासांपुढे ‘सकाळी सात’ लिहिलेले असते, तर त्या दिवशीच्या बातमीतला तो आकडा आपण वेगळ्या रीतीने वाचला असता.