‘मध्यम’ कुणासाठी?

गणपतीत थळला घरी गेलो की मामा विचारतोच, “तुझ्या त्या पीएचडीत नक्की करतोस काय?” यंदा त्याला स्क्विड सांगितलं. हा वेब प्रॉक्सी: ऑफिसातल्या सगळ्यांच्या रिक्वेस्ट याच्यातूनच बाहेर जातात. त्याचा कारभार बघायला ‘कॅश मॅनेजर’ नावाचं एक जुनं वेबपान होतं. 2019 मध्ये उघड झालं की 4.7 पर्यंत हे पान लिंकमधून आलेलं युजरचं नाव जसंच्या तसं परत छापतं. नावाच्या जागी स्क्रिप्ट घातली, तर ती ब्राउझरमध्ये चक्क चालते. दुसरी वाट ‘ऑथ’ची. तिथला मजकूर बेस64 मध्ये गुंडाळलेला, त्यामुळे लिंक नुसती बघून संशयही येत नाही.

सीव्हीई-2019-13345 ची तीव्रता ‘मध्यम’ धरली गेली. मला हे पटत नाही. कुणीतरी क्लिक करायला लागतं, म्हणून गुण कमी. पण हे पान उघडतो कोण? प्रॉक्सी सांभाळणाराच ना! बळी कोण, हे मूळ गुणांत धरतच नाहीत.

मामा म्हणाला, “म्हणजे खलाशी नाय, थेट तांडेलच गाठला की.”

दुरुस्ती 4.8 मध्ये आली. तीही साधीच: छापण्याआधी खास चिन्हं निष्प्रभ करायची.