बारा गावे कोणी निवडली?

नियमगिरीच्या निकालाचे आपल्याकडे कौतुकच फार झाले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील बॉक्साइट खाणीचा प्रश्न डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभांकडे सोपवला. बारा सभा भरल्या, बाराही सभांनी खाण नाकारली. पण डोंगरात शंभरावर वस्त्या असताना बाराच का? यादी राज्य सरकारने केली. आणि खाणीसाठी न्यायालयात गेले होते ते याच सरकारचे महामंडळ! केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने हरकत घेतली, तरी यादी वाढली नाही.

बहुमत म्हटले की आपण हात मोजतो. सभेला कोणाला बोलवायचे हे आधीच ठरलेले असते, तिकडे पाहत नाही. निकालाने तीन महिन्यांची मुदत घातली, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा निरीक्षक नेमायला सांगितले. गावांची निवड मात्र मोकळी सोडली. वनहक्क नियमांनुसार सभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. अख्ख्या डोंगराचा निर्णय किती गावांनी घ्यायचा, याला अशी गणसंख्या कुठे आहे? सभा एकमुखी झाल्या म्हणून हे झाकले गेले. सहा-सहा असा कौल पडता तर?

२०१६ मध्ये महामंडळाने सभा पुन्हा भरवू द्या म्हणून अर्ज केला. न्यायालयाने तो ऐकला नाही, हे बरे झाले.