‘गरज’ कुणाची? अविवाहित घरमालक, गृहकर्जाचा विमा आणि चार गाजलेले पेपर

पेपर कसा वाचायचा असं विचारणाऱ्या मुलामुलींना मी हल्ली एक घरगुती प्रश्न देते आणि म्हणते, हा खिशात ठेवून पेपर वाचा. प्रश्न असा: वय २८, लग्न झालेलं नाही, हिंजवडीत नोकरी, वाकडला कर्ज काढून वन बीएचके घेतलाय. बँकेत सह्यांच्या वेळी समोरचा माणूस म्हणतो, ‘मॅडम, लोनचा इन्शुरन्स घेऊनच टाका. उद्या काही झालं तर घरच्यांवर बोजा नको.’ घ्यावा का?

आयुर्विम्यावरचं अर्थशास्त्रातलं लिखाण साठ वर्षांचं आहे. ते वाचून या मुलीला काय सांगता येतं? माझ्या मते, ‘कोणता विमा घ्यावा’ याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं, पण ‘घ्यावा का’ याचं देता येत नाही. याचं कारण गणितात नाही, चल निवडण्यात आहे. तुम्ही पुढे जे काही संशोधन कराल, त्यात ही अडचण तुमच्याही वाट्याला येणार, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी वस्तू समजून घेऊ. गृहकर्जाचा विमा म्हणजे कर्जदाराचा मृत्यू झाला तर विमा कंपनीने कर्ज फेडायचं. आपल्याकडे हा विमा घेणं रिझर्व्ह बँकेने किंवा विमा नियामकाने बंधनकारक केलेलं नाही. बहुतेक वेळा प्रीमियम एकरकमी असतो आणि तो कर्जातच मिळवला जातो. विम्याची रक्कम दरवर्षी कमी होत जाते, कारण कर्जही कमी होत जाणार असं धरलेलं असतं. दावा मंजूर झाला की पैसे आधी बँकेकडे जातात आणि काही उरलं तर नॉमिनीकडे.

आता पेपर. सुरुवात मेनाहेम यारी यांच्या १९६५ च्या पेपरपासून करावी लागते. आयुष्य किती हे माहीत नसलेला माणूस खर्च आणि बचत कशी ठरवतो, याचं ते मॉडेल आहे. निष्कर्ष स्वच्छ आहे: ज्याला आपल्यामागे कुणासाठी काही ठेवायचं नाही, त्याने आयुर्विमा घेण्यात अर्थ नाही, त्याच्यासाठी उलट अॅन्युइटी चांगली. म्हणजे यारींना विचारलं तर आपल्या मुलीला उत्तर ‘नको’. फक्त ‘मागे ठेवण्याची इच्छा’ आहे की नाही, हे मॉडेलला बाहेरून सांगावं लागतं. ती कुठून येते, किती असते, यावर मॉडेल गप्प आहे. मॉडेलने गप्प राहण्यात गैर काही नाही. पण त्या गप्प बसण्यालाच उत्तर समजणारे लेख मी भरपूर वाचलेत.

फ्रँक लुइस यांनी १९८९ मध्ये बाजू उलटी केली. विमा घेणाऱ्याच्या नजरेतून न बघता ज्यांना पैसे मिळणार त्यांच्या नजरेतून बघा, असं त्यांचं म्हणणं. मला हा पेपर मनापासून आवडतो, कारण तो ‘नुकसान कुणाचं?’ हा खरा प्रश्न विचारतो. पण लुइस यांच्या मांडणीत अवलंबून असणारे म्हणजे जोडीदार आणि मुलं. आई-वडील त्यात नाहीत. त्यांच्या समाजाचा विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. पण हेच मॉडेल आपण जसंच्या तसं उचललं, तर ‘अविवाहित’ या रकान्यात टिकमार्क पडला की अवलंबून असणाऱ्यांची संख्या आपोआप शून्य होते. साताऱ्यात आपल्या मुलीचे आई-वडील आहेत, आणि बँकेच्या कागदांवर वडिलांची सही आहे. ती सही या मॉडेलमध्ये कुठे बसवायची?

इथे थोडा कायदा बघावा लागतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याचा कंटाळा येतो, पण या विषयात खरं चल कायद्यात लपलंय.

कर्जदार एकटीच असेल आणि ती गेली, तर वारसांची जबाबदारी तिच्या मालमत्तेतून त्यांच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरतीच असते. बँक फ्लॅट ताब्यात घेऊन विकू शकते, त्यासाठी २००२ चा सरफेसी कायदा आहे. पण वडिलांच्या पेन्शनला ती हात लावू शकत नाही. ६५ लाखांचा फ्लॅट, ४८ लाखांचं शिल्लक कर्ज, असं धरा. आई-वडील फ्लॅट विकतील, कर्ज फेडतील, उरलेले पैसे ठेवून घेतील. मुलगी गेल्याचं दुःख कुठल्याच प्रीमियमने भरून येत नाही. आर्थिक हिशेबात मात्र ‘बोजा’ नावाची गोष्ट इथे नाहीच.

आता त्याच मुलीचा पगार कर्जाच्या पात्रतेला थोडा कमी पडला, म्हणून वडिलांना को-अप्लिकंट केलं असं समजा. किंवा महिला सहअर्जदार असली की काही बँका व्याजात थोडी सूट देतात, म्हणून एखाद्या मुलाने आईची सही घेतली. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल, तर देणेकरी त्यांच्यातल्या कुणाही एकाकडे पूर्ण पूर्तता मागू शकतो. जामीनदाराची जबाबदारीही कलम १२८ प्रमाणे मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे थोड्याशा सवलतीसाठी सही करणारी आई, मुलगा गेल्यावर पूर्ण कर्जाची देणेकरी ठरते. मुलगा अविवाहित आहे, मूलबाळ नाही, सर्वेक्षणात तो ‘अवलंबून कुणी नाही’ असाच नोंदला जाईल. आणि नुकसान होणारी व्यक्ती मात्र पूर्णपणे खरी आहे.

घर कुणाकडे जातं हेही बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर अविवाहित मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गाची वारस असते आणि वडील दुसऱ्या वर्गाचे. म्हणजे आई हयात असेल तर वडिलांना काही मिळत नाही. अविवाहित मुलीने स्वतः कमावलेल्या मालमत्तेत मात्र आई आणि वडील दोघंही बरोबरीने येतात. आता मुलाच्या कर्जावर सही वडिलांची आणि घर आईच्या नावे, अशी स्थिती विचारात घ्या. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोत याने फार फरक पडत नसेल. न पटणाऱ्या घरांत पडतो.

तिसरी गोष्ट, फ्लॅट विकता येतो का? बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, ताबा न मिळालेला फ्लॅट घाईने विकायचा तर गिऱ्हाईक पाडून मागतं. ‘विका आणि फेडा’ हा वरचा सोपा मार्ग तिथे अडतो. आणि चौथी, डाउन पेमेंट कुणाचं? वडिलांनी ग्रॅच्युइटीतून दिलेले १२ लाख कुठल्याच कर्जखात्यावर दिसत नाहीत, पण पडत्या भावात फ्लॅट विकला तर आधी तेच जातात.

थोडक्यात, सही कुणाची, पैसा कुणाचा, फ्लॅट कुठल्या अवस्थेत आणि मागे राहणाऱ्यांचं स्वतःचं उत्पन्न काय, यावर सगळं ठरतं. ‘तरुण’ आणि ‘अविवाहित’ हे दोन शब्द यापैकी एकाही गोष्टीबद्दल काही सांगत नाहीत. ते प्रॉक्सी आहेत, आणि आपल्याकडे वाईट प्रॉक्सी आहेत.

आता बर्नहाइम, फोर्नी, गोखले आणि कॉटलिकॉफ यांचा २००३ चा पेपर घ्या. अमेरिकेतल्या निवृत्तीच्या जवळ आलेल्या विवाहित लोकांची १९९२ ची माहिती त्यांनी वापरली. जोडीदार गेला तर मागे राहणाऱ्याचं राहणीमान किती घसरेल, हे प्रत्येक घरासाठी काढलं आणि प्रत्यक्षातल्या विम्याशी ताडून पाहिलं. दोन्हींचा मेळ जवळजवळ नाहीच, असं निघालं. ज्यांना धोका जास्त त्यांच्याकडे विमा जास्त, असं चित्र दिसलं नाही. पेपर उत्तम आहे. घरागणिक नुकसान मोजायची त्यांची पद्धत मी माझ्या प्रबंधात उसनी घेतली आहे. पण या पेपरचा हवाला देऊन ‘लोकांकडे विमा कमी आहे’ असं सरसकट म्हटलं जातं, तेव्हा मला खटकतं. मेळ नाही याचा अर्थ काहींकडे कमी आहे आणि काहींकडे विनाकारण आहे, असा दुहेरी आहे. शिवाय एकटी माणसं त्या अभ्यासाच्या कक्षेतच नव्हती.

आपल्याकडच्या माहितीने तरी हे सुटेल का? राष्ट्रीय नमुना पाहणीचं कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षण, २०१९ ची ७७ वी फेरी, हा आपला मोठा आधार. त्याचं एकक कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसं. वाकडची मुलगी एक कुटुंब, साताऱ्याचे आई-वडील दुसरं. दोघांना जोडणारी सही एककाच्या बाहेर पडली.

राहिला भारतातला पेपर: अनागोल, कोल आणि सरकार, २०१७. प्रशिक्षित माणसं ग्राहक बनून विमा एजंटांकडे गेली आणि मिळालेला सल्ला नोंदवला. बहुसंख्य एजंटांनी जास्त कमिशन देणारा, ग्राहकासाठी सरळसरळ कमी प्रतीचा पर्याय सुचवला. एका प्रकारच्या पॉलिसीवरचं कमिशन उघड करण्याचा नियम आला, तर सल्ला दुसऱ्या, उघड न करावं लागणाऱ्या पॉलिसीकडे वळला. धोरण लिहिणाऱ्यांनी हा पेपर दर वर्षी एकदा वाचावा असं मला वाटतं! पण त्याची ताकद कशात आहे ते ओळखा. टर्म आणि आजीवन पॉलिसीची तुलना करताना एक पर्याय दुसऱ्यापेक्षा उघड वाईट आहे हे आकड्यांनी दाखवता येतं, म्हणून ‘चुकीचा सल्ला’ मोजता येतो. ‘तुम्हाला विम्याची गरजच नाही’ हा सल्ला बरोबर की चूक, हे त्याच पद्धतीने मोजायचं तर आधी वरच्या चार गोष्टी ग्राहकाच्या गोष्टीत घालाव्या लागतील. तसं करून बघणं अवघड नाही. दोन ग्राहक, सगळं सारखं, फक्त एकाच्या कर्जावर वडिलांची सही. सल्ला बदलतो का, बघायचं. कुणाला एम.फिल.च्या धर्तीचा छोटा प्रकल्प हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

‘कोणता’ या प्रश्नावर मात्र मला मोघम राहायचं नाही. गरज आहे असं ठरलं तरी कर्जात मिळवलेला एकरकमी विमा हा बहुधा शेवटचा पर्याय असावा. हिशेब करून बघा. दीड लाखाचा प्रीमियम ८.५ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात मिळवला, तर ईएमआय सुमारे १३०० रुपयांनी वाढतो आणि एकूण साधारण ३ लाख १२ हजार जातात.

त्याहून मोठी गोम तरत्या व्याजदरात आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ५० लाखांचं कर्ज, ६.७ टक्के, २० वर्षं, ईएमआय ३७,८७०. वर्षभराने दर ९.२ झाला आणि बँकेने ईएमआय तोच ठेवून मुदत वाढवली, असं धरा. पाच वर्षांच्या शेवटी मूळ वेळापत्रकाप्रमाणे कर्ज ४२.९ लाख असायला हवं, प्रत्यक्षात ते सुमारे ४८.५ लाख राहतं. विमा सुरुवातीच्या वेळापत्रकाला बांधलेला असेल, तर साडेपाच लाख उघडेच. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना कर्जदाराला ईएमआय वाढवायचा की मुदत, हे निवडू द्यायला सांगितलं. विम्याचं वेळापत्रक त्याने बदलत नाही.

‘आज ना उद्या लग्न होणारच, आत्ताच घेऊन ठेवा,’ हा युक्तिवादही याच विम्याच्या विरोधात जातो. घटतं संरक्षण सगळ्यात मोठं असतं ते कुणी अवलंबून नसताना. पस्तिशीत मूल होईल तेव्हा ते बरंच आटलेलं असेल. साध्या टर्म प्लॅनची रक्कम घटत नाही, कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तो चालू राहतो आणि पैसे नॉमिनीच्या हाती पडतात. वडिलांची सही असलेल्या मुलीने तोच घ्यावा असं मी म्हणेन. भविष्य निर्वाह निधीचं खातं असलेल्या नोकरदाराला ईडीएलआय योजनेत नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कमाल ७ लाखांपर्यंतचं संरक्षण आधीच असतं, तेही वजा करून.

आणि सही नसलेल्या, एकटीच्या मुलीने? तिचा खरा धोका मृत्यू नाही. आजारपण किंवा अपघातामुळे वर्ष-दोन वर्षं कामच न करता येणं, हा आहे. तेव्हा ती जिवंत असते, ईएमआय चालू असतो आणि निव्वळ मृत्यूचा विमा एक पैसाही देत नाही. आरोग्यविमा, अपंगत्वाचं संरक्षण आणि सहा-आठ ईएमआय बाजूला, हा क्रम मला जास्त पटतो. अर्थात धोका बरोबर ओळखला म्हणजे विमा बरोबर मिळतो, असंही नाही. ब्रिटनमध्ये कर्जासोबत विकलेला पीपीआय हा विमा नेमका आजारपण आणि बेकारीसाठीच होता. तरी तो स्वयंरोजगार असलेल्यांनाही विकला गेला, ज्यांना बेकारीचा दावा करणंच मुश्किल होतं. भरपाईचे अर्ज स्वीकारायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती आणि परत गेलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या आसपास पोचली.

माझ्या प्रश्नावलीत सध्या वैवाहिक स्थितीचा प्रश्न सतराव्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न आहे: ‘कर्जाच्या करारावर तुमच्याशिवाय आणखी कुणाची सही आहे?’ दुसरा: ‘त्यांना ती कशाची सही आहे असं सांगितलं होतं?’