शर्करासंकेत : एका रूपकाची चिकित्सा

पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करासाखळ्यांविषयी जे लेखन होते त्यात ‘संकेत’, ‘लिपी’, ‘वाचन’ हे शब्द इतक्या सहजपणे येतात की ते रूपक आहे याचाच विसर पडावा. गाबियस यांनी संपादिलेल्या २००९ सालच्या ग्रंथाचे नावच ‘शर्करासंकेत’ या अर्थाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने जीवरसायनात लुडबुड करू नये, हे मान्य. परंतु आपल्या शास्त्राच्या संज्ञा उसन्या गेल्या असता त्यांचे तिकडे काय होते, हे पाहण्याचा अधिकार त्यास असावा.

या रूपकाचा मुख्य आधार गणिती आहे. चार न्यूक्लिओटाइडांपासून सहा घटकांची साखळी ४,०९६ प्रकारे होऊ शकते. सहा शर्करांच्या साखळीची संभाव्य रूपे मात्र लेन यांनी १९९४ साली एक लक्ष कोटींहून अधिक मोजली. कारण शर्करा एकमेकींस अनेक ठिकाणी जोडल्या जातात आणि त्यांना फाटेही फुटतात. एवढी क्षमता आहे, तस्मात् येथे भाषा आहे, असा हा युक्तिवाद. तो टिकत नाही. मराठी वर्णांच्या शक्य मालिकाही अगणित आहेत. त्यांतील बहुसंख्य शब्द नव्हेत. शिवाय शर्करासाखळीस साचा नसतो. गॉल्जी पिंडातील विकरे हाती येईल त्या मालावर एकामागून एक काम करतात, आणि एकाच प्रथिनाच्या एकाच जागी निरनिराळ्या साखळ्या आढळतात.

मालाचा हा मुद्दा गौण नाही. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत जो दुर्मिळ रक्तगट वर्णिला, त्यात तांबड्या पेशींवरील एका विशिष्ट जागी फ्यूकोज ही शर्करा बसत नाही. अशा व्यक्तीस रक्त देण्याची अडचण येते; प्रतिकारशक्तीस बाध येत नाही. पुढे १९९२ साली एत्झिओनी प्रभृतींनी असे रुग्ण वर्णिले की ज्यांचा रक्तगट हाच, परंतु ज्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होई. त्यांच्या शरीरात फ्यूकोजचा पुरवठाच खुंटलेला होता. श्वेतपेशी संसर्गस्थळी उतरण्यापूर्वी रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळते. तेथील सिलेक्टिन प्रथिने तिच्या फ्यूकोजयुक्त साखळ्यांना क्षणभर धरतात व सोडतात. साखळीच नाही, तर पेशी वाहून जाते. १९९९ साली एका रुग्णास फ्यूकोज तोंडावाटे दिले असता काही महिन्यांत ज्वर व संसर्ग थांबले. ‘अक्षर गळाले’ एवढे म्हणून या दोन अवस्थांतील भेद समजत नाही. शाई कमी पडली म्हणून शब्दाचा अर्थ बदलला, असे कोणत्या लिपीत घडते?

एका ठिकाणी मात्र रूपककारांना न्याय दिला पाहिजे. सायॅलिक आम्ल ही शर्करा ओळखणारे सिग्लेक नामक ग्राही रोगप्रतिकारक पेशींवर असतात. त्यांतील बहुतेकांच्या आतील टोकाशी निरोधक घटक असून, शर्करा धरली जाताच ते पेशीस आवरतात. सिग्लेक-५ हा त्यांपैकीच. सिग्लेक-१४ चे बाहेरील टोक जवळजवळ तसेच; पण तो आतून दुसऱ्या प्रथिनाशी जोडलेला असल्यामुळे त्याच पकडीने पेशीस उद्दीपित करतो. म्हणजे शर्करा व परिणाम यांचा संबंध शर्करेच्या घडणीतून निघत नाही. सोस्यूरने चिन्हाची जी यादृच्छिकता सांगितली, तिची छाया येथे दिसते. परंतु छायाच. नैयायिकांच्या परिभाषेत संकेत म्हणजे ‘या शब्दावरून हा अर्थ जाणावा’ असा ठराव. तो वक्ता व श्रोता या दोघांनाही ठाऊक असावा लागतो. येथे सारा ‘अर्थ’ एकट्या ग्राहीच्या पदरी आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. कर्कपेशी पुष्कळदा सायॅलिक आम्लाने दाट मढलेल्या असतात, आणि मारक पेशींवरील सिग्लेक-७ व सिग्लेक-९ त्यांच्यापुढे थबकतात. ‘कर्कपेशी खोटा संदेश देते’ असे म्हटले की शोध संदेशाचा सुरू होतो. वस्तुतः एकेक पकड अतिदुर्बल असते. अनेक एकत्र आल्या तरच परिणाम होतो, म्हणून प्रश्न दाटीचा आहे. एखादे वाक्य शंभरदा उच्चारल्याने त्याचा अर्थ शंभरपट होत नाही. बर्टोझी यांच्या गटाने २०१६ साली प्रतिपिंडास सायॅलिक आम्ल छाटणारे विकर जोडले आणि प्रयोगशाळेत स्तनकर्काच्या पेशी मारक पेशींच्या तडाख्यात आणल्या. त्यांनी काही वाचले नाही. दाटी विरळ केली.

अधिक चांगला शब्द या शास्त्राच्या घरातच होता. शर्करा धरणाऱ्या प्रथिनांना बॉइड यांनी १९५४ साली ‘लेक्टिन’ हे नाव दिले, ते ‘लेगेरे’ या लॅटिन धातूवरून. त्या धातूचा अर्थ गोळा करणे, निवडणे. वाचणे हा त्याचा पुढे रूढ झालेला अर्थ. बॉइड यांना अभिप्रेत होते ते निवडणे. रूपककारांनी घेतले ते वाचणे. आपल्या प्रबंधांतून ‘सिग्लेक शर्करा वाचतो’ असे लिहिले जाते, तेथे ‘वेचतो’ असे लिहावे. ध्वनी जवळचा आहे, पण क्रिया निराळी. आणि पुष्कळ मणी असल्यावाचून वेचणे संभवत नाही.