मांड कोण ठोकणार?

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात काळा घोडा आहे, पण त्यावर कोणी बसलेले नाही. पूर्वी सातवे एडवर्ड बसत. १९६५ साली त्यांची घोड्यासकट राणीच्या बागेत रवानगी झाली. नाव मात्र चौकालाच चिकटून राहिले. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, तो बिनस्वाराचा. आमच्या उचगावच्या काकांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “घोडा झ्याक हाय रं, पण मांड कोण ठोकणार?”

या महोत्सवावर याहून नेमकी टीका माझ्या तरी वाचनात नाही.

१९९९ पासून भरणारा हा महोत्सव चांगला नऊ दिवस चालतो. नाच, नाटक, सिनेमा, गाणे, साहित्य, चित्रे, शिल्पे सगळे काही असते. शिवाय प्रवेश फुकट, आणि ही कला तर आम्हां कोल्हापूरकरांना विशेष प्रिय! थट्टा सोडा, जहांगीर कलादालनाची पायरी चढायला जो बिचकतो, त्याला भर रस्त्यात शिल्प भेटते, हे पुण्य मोठे आहे.

आता सारे प्रकार एका जागी ही गोष्ट उचगावकराला नवी नाही. आमच्याकडच्या जत्रेत पालखी, कुस्ती, तमाशा, भजन आणि भजी एकाच माळावर नांदतात. पण तमाशाला निघालेला माणूस घोंगडे काखोटीला मारून निघतो. म्हणजे पहाटेपर्यंत हलायचा त्याचा विचार नसतो. महोत्सवाला आपण मोबाइल घेऊन जातो. नर्तकीचा पदन्यास रंगात येतो न येतो तोच पलीकडे ढोल वाजतो, की आपण निघालो ढोलाकडे! शिल्पासमोर तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहण्याची पद्धत आहे. फोटोसाठी! काकांना वाटले, मंडळी लाजतात.

शाहू महाराजांनीही कुस्ती आणि नाटक शेजारी-शेजारी आणून बसवले. १९१२ साली खासबाग मैदान झाले, १९१५ साली पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. भिंतीला भिंत लागून. पण मध्ये भिंत होती! मैदानातला मैदानात बसे, नाटकातला नाटकात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्या नाट्यगृहाला भीषण आग लागली. जन्मभर नाटकवाल्यांना नावे ठेवणारे आमचे काका दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. काकूने छेडले तेव्हा म्हणाले, “तिथं बसलोय गं मी.”

जिथे आपण बसलो, ते गेले तर घास उतरत नाही. जिथून नुसते चालत गेलो, तिथले काय गेले हे कळतही नाही. महोत्सव म्हटला की मला भीती वाटते ती याची. कला वाढतात, गर्दी वाढते, आणि बसणारा माणूस तेवढा कमी होतो.

म्हणून तमाम महोत्सववाल्यांना आमची नम्र सूचना: कार्यक्रम निम्मे करा, सतरंज्या दुप्पट करा. आत येणे फुकटच राहू द्या. मधूनच उठून जायला मात्र तिकीट लावा!